एक चालू, दोन बंद: मोसलरच्या तीन घड्याळांच्या टाइम लॉकची तपासणी

बँकेच्या जुन्या तिजोरीवरचं टाइम लॉक विकत घेताना जो तो आधी काच बघतो, निकेलची चमक बघतो, दारावरचं नाव बघतो. खरी माहिती डायलवर लिहिलेली असते आणि ती विक्रेत्याच्या फोटोतूनही वाचता येते. हे प्रकरण अशाच एका कुलुपाचं आहे. अमेरिकेतल्या एका पाडलेल्या बँकेच्या इमारतीतून निघालेलं, तिजोऱ्या बनवणाऱ्या मोसलर कंपनीचं टाइम लॉक, १२० तासांची तीन घड्याळं असलेलं. विकताना ‘चालू स्थितीत’ असं सांगितलेलं. ते चालूच होतं, म्हणजे कुलूप म्हणून उघडत होतं. पण आतल्या तीन घड्याळांपैकी दोन निकामी होती आणि बँकेच्या हयातीतच ती निकामी झाली असावीत, असं पुराव्यावरून दिसतं.

आधी हे यंत्र काय करतं ते सांगायला हवं, कारण नव्या संग्राहकांचा पहिला गोंधळ इथेच होतो. टाइम लॉक दार उघडत नाही. ते दाराच्या आतल्या बाजूला बसवलेलं असतं आणि ठरलेले तास संपेपर्यंत दाराचे अडसर मागे सरकू देत नाही. तास संपले की ते फक्त वाटेतून बाजूला होतं. दार उघडायला नंबराच्या कुलपाचा नंबर लावावाच लागतो. मधल्या काळात खरा नंबर माहीत असलेल्या माणसालाही दार उघडता येत नाही, आणि त्यासाठीच तर हे यंत्र जन्माला आलं.

घड्याळाने कुलूप अडवण्याची कल्पना जुनी आहे. स्कॉटलंडमधल्या जेडबरच्या विल्यम रदरफर्डने १८३१ मध्येच तिचं पेटंट घेतलं होतं. पण बँकांच्या दारावर टिकेल असं कुलूप रॉचेस्टरच्या जेम्स सार्जंटने बनवलं आणि १८७४ मध्ये इलिनॉयमधल्या मॉरिसन गावच्या फर्स्ट नॅशनल बँकेत ते बसलं. दोनच वर्षांत त्याची गरज सगळ्यांना पटली. जानेवारी १८७६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थम्प्टन नॅशनल बँकेच्या रोखपालाच्या घरात बुरखेधारी टोळी रात्री शिरली, घरच्यांना बांधून ठेवलं आणि रोखपालाचा छळ करून नंबर काढून घेतला. रोख आणि रोखे मिळून दहा लाख डॉलरहून कितीतरी जास्तीचा ऐवज गेला. तिजोरीचं पोलाद कितीही जाड असलं तरी नंबर माणसाच्या डोक्यात आहे तोवर कमजोर जागा माणूसच, हे त्या रात्री दिसलं. टाइम लॉकने रोखपालाच्या हातातली सत्ता काढून घेतली, आणि त्याबरोबर त्याच्या जिवावरचं संकटही टळलं.

पण मग दुसरीच भीती उभी राहिली. घड्याळ बंद पडलं तर? दार बंद, आत सगळी रोकड, बाहेर ग्राहकांची रांग, आणि उपाय एकच: पोलाद भोकसून आत जाणं. म्हणून एका कुलुपात दोन, पुढे तीन आणि मोठ्या दारांवर चार घड्याळं आली. सगळ्या घड्याळांना सारखे तास दिलेले असतात आणि त्यातलं कुठलंही एक शून्यावर आलं की कुलूप सुटतं. मोसलरच्या या कुलुपात तीनही डायलच्या शेजारून एक आडवी पट्टी जाते, तिला संग्राहक कॅरी बार म्हणतात. प्रत्येक डायलवर एक खुंटी आहे. डायल शून्याकडे आला की खुंटी कॅरी बारला ढकलते, कॅरी बार स्नबर बारला, म्हणजे अडसरांना रोखणाऱ्या दांड्याला, बाजूला घेतो आणि अडसरांची वाट मोकळी होते. बाकीची दोन घड्याळं अजून मध्येच असली किंवा ठप्प असली तरी पट्टी अडत नाही.

हिशेब करून बघा. समजा एक घड्याळ बंद पडण्याची शक्यता शंभरात एक. दोन घड्याळं एकदम बंद पडण्याची मग दहा हजारांत एक, तिघांची दहा लाखांत एक. कागदावर हे फार दिलासा देणारं आहे. पण हा हिशेब तिघांची तब्येत एकमेकांपासून स्वतंत्र असेल तेव्हाच खरा. एकाच कारागिराने, एकाच दिवशी, एकाच बाटलीतलं तेल तिघांना घातलं असेल तर तिघं एकदमच म्हातारी होतात. शिवाय एक निरोगी घड्याळ दोन आजारी घड्याळांना झाकून ठेवतं: दार रोज सकाळी उघडतंय म्हणजे सगळं ठीक आहे, असं वाटत राहतं. या प्रकरणात नेमकं तेच झालं.

फोटोत काय दिसत होतं

डावीकडचा डायल ६४ वर उभा, मधला ५१ वर, उजवीकडचा शून्यावर. सोयीसाठी त्यांना क, ख, ग म्हणू.

या आकड्यांचा अर्थ लावायला टाइम लॉकच्या घड्याळाचा एक स्वभाव माहीत हवा. मनगटी घड्याळाला चावी दिली की फक्त स्प्रिंग भरते, काटे जागेवरच राहतात. इथे चावी फिरवली की डायलही फिरतो. स्प्रिंग आणि डायल एकमेकांना बांधलेले आहेत. ‘६४ तास’ लावले म्हणजे स्प्रिंग ६४ तासांपुरतीच भरली. डायल शून्यावर असेल तर घड्याळ चालून संपलेलं आहे. मध्येच उभा असेल तर स्प्रिंगमध्ये जोर शिल्लक असतानाही ते थांबलेलं आहे, म्हणजे आत काहीतरी अडलंय.

६४ हा आकडाही बोलका आहे. शुक्रवारी संध्याकाळी पाचला दार बंद करून सोमवारी सकाळी नऊला उघडायचं, तर बरोबर ६४ तास होतात. रोजच्या रात्रीला १६ लागतात. सोमवारी सुट्टी आली तर मंगळवारी सकाळपर्यंत ८८, म्हणूनच ७२ तासांचं घड्याळ काही बँकांना पुरेना आणि १२०, १४४ तासांची आली. तर कधीतरी एका शुक्रवारी तिघांना ६४ तास दिले गेले. क जागचा हललाच नाही. ख सुमारे १३ तास चालून थांबला. ग ने सोमवारी दार उघडलं. क आणि ख यांचे आकडे मग तसेच राहिले. सोमवारी संध्याकाळी १६ तास लावायचे तर केवळ ग लाच चावी लागत होती, कारण बाकीच्या दोघांवर त्याहून जास्त तास आधीच उभे होते आणि डायल हाताने मागे आणता येत नाही. बँकेत हे सहज पकडता आलं असतं. सकाळी दार उघडल्यावर तीनही डायल शून्याच्या आसपास, काही मिनिटांच्या फरकाने दिसायला हवेत. दहा सेकंदांचं काम.

पार्सल उघडल्यावर

कुलूप आलं ते घड्याळं आत बसवलेल्या स्थितीतच, ही पाठवणाऱ्याची चूक. बॅलन्स व्हीलच्या, म्हणजे घड्याळाची चाल ठरवणाऱ्या डोलत्या चाकाच्या, दांड्याचं टोक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास जाड असतं. दोन-चार किलो धातूची पेटी हातातून टेबलावर आपटली तरी ते टोक टिचतं. विकत घेतानाच सांगावं: घड्याळं काढून, एकेक वेगळी गुंडाळून, वेगळ्या डब्यात पाठवा. इथे नशिबाने तिन्ही टोकं शाबूत होती. बॅलन्स व्हील चिमट्याने हलकेच वरखाली करून बघितलं की कळतं. केसाइतकी हालचाल हवी, एका बाजूला कलंडता कामा नये.

त्यानंतर चावी. मूळ चावी सोबत नव्हती. अशा वेळी हाताला लागेल ती चौकोनी चावी घालून बघण्याचा मोह आवरावा. सैल चावीने, चावी बसते त्या चौकोनी दांड्याच्या कडा एकदा गोल झाल्या की पुढे कुठलीच चावी नीट बसत नाही. चौकोनाचं माप कॅलिपरने घेऊन त्याच मापाची चावी बनवून घेतली. स्क्रू काढतानाही तेच: स्क्रूड्रायव्हरचं पातं खाचेच्या पूर्ण रुंदीचं आणि जाडीचं, गरज पडली तर दगडावर घासून तयार केलेलं. निळ्या पॉलिशच्या स्क्रूवर एक ओरखडा उमटला की तो कायमचा.

घड्याळं बाहेर काढण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो घेतले. मग कॅरी बार बोटाने सरकवून पाहिला. तो सरकत होता, पण परत येताना रेंगाळत होता. पिव्हटवर, म्हणजे भाग ज्यावर फिरतो त्या बारीक टोकावर, कुणीतरी कधीतरी तेल घातलं होतं, त्याचा डिंक झाला होता. या पट्टीचं हे दुखणं तिन्ही घड्याळांना एकदम बाधतं. घड्याळ शून्यावर येताना स्प्रिंगचा जोर सर्वांत कमी असतो, आणि नेमक्या त्याच वेळी खुंटीला पट्टी ढकलायची असते. पट्टी जड झाली तर धडधाकट घड्याळही शेवटच्या पावलावर अडतं. हे कॅरी बार आणि स्नबर निव्वळ स्वच्छ आणि कोरडे असावेत. तेलाचा थेंबही नको.

खुंट्या भिंगाखाली पाहिल्या. ग ची खुंटी पट्टीला टेकते त्या कडेवर घासून उजळली होती. क आणि ख च्या खुंट्यांवरचा फिनिश जवळजवळ मूळचा. घड्याळांच्या प्लेटींवर कारागिरांनी सुईने कोरलेल्या सर्व्हिसच्या खुणा असतात, आपल्याकडचे जुने घड्याळजी कोरायचे तशाच. क आणि ख वर सारख्याच हाताच्या दोन-दोन खुणा होत्या. ग वर वेगळ्याच हाताच्या आणि संख्येने जास्त. ग चा क्रमांकही बाकी दोघांच्या जवळपास नव्हता. अमेरिकेत सर्व्हिसवाले बँकेतलं घड्याळ काढून नेत आणि त्याजागी दुरुस्त केलेलं दुसरं बसवत, त्यामुळे क्रमांक न जुळणं ही टाइम लॉकमध्ये रोजची गोष्ट आहे. ग उशिरा येऊन बसलेलं, आणि म्हणूनच तगलेलं घड्याळ होतं.

प्रत्येकाची वेगळी परीक्षा

एकत्र बसवून तीन घड्याळं तपासण्यात अर्थ नाही. कुलूप सुटलं एवढंच कळेल, कुणामुळे सुटलं ते कळणार नाही. प्रत्येक घड्याळ वेगळ्या लाकडी स्टँडवर, उभं ठेवून चालवलं. उभं ठेवणं महत्त्वाचं, कारण दारावर ते उभंच असतं. टेबलावर आडवं ठेवलेलं घड्याळ बॅलन्सच्या एकाच टोकावर तोलून हलकं फिरतं आणि खोटा भरवसा देतं. पूर्ण १२० तासांची चावी, दर १२ तासांनी डायलची नोंद.

क दोन-चार टिकटिक करून थांबलं. पुन्हा हलवलं, पुन्हा थांबलं.

ख आडवं ठेवल्यावर चाललं. उभं केल्यावर ७१ तास चालून ४९ वर थांबलं. फोटोतला ५१ आणि हा ४९, एकाच दुखण्याची ही दोन टोकं. स्प्रिंग भरलेली असताना जोर भरपूर असतो, चिकट झालेल्या चाकांनाही ती ओढून नेते. जोर एका मर्यादेखाली उतरला की बॅलन्स मरगळतं आणि थांबतं. ख ची मर्यादा सुमारे ५० तासांच्या खुणेवर होती. आता रोजची १६ तासांची चावी आठवा. ती स्प्रिंगला फक्त शेवटच्या, सर्वांत दुबळ्या भागात वापरते. जे घड्याळ ४९ वर थांबतं ते १६ वर सुरूच होणार नाही. आठवड्यातल्या बहुतेक रात्री ख निव्वळ शोभेला होतं. टाइम लॉकच्या घड्याळाची खरी परीक्षा म्हणूनच पूर्ण चावीने सुरू होऊन शेवटच्या २० तासांत होते. दोन दिवस चाललं म्हणून पास करणारे इथेच फसतात.

ग १२० तास चाललं, पण २२ मिनिटं पुढे गेलं. १६ तासांत हा फरक जेमतेम तीन मिनिटांचा, त्यामुळे बँकेत कुणाला जाणवला नसणार. जवळ छोटं होकायंत्र नेलं तर सुई वळली: केसकमान, म्हणजे बॅलन्स व्हीलची केसासारखी बारीक स्प्रिंग, आणि पोलादी भाग चुंबकित झाले होते. चुंबकाने केसकमानीचे वेढे एकमेकांना धरू लागतात, कमान जणू आखूड होते आणि घड्याळ पळतं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. जास्त घड्याळांमुळे दार अडकून बसण्याचा धोका कमी होतो, वेळेआधी सुटण्याचा मात्र थोडा वाढतो, कारण सर्वांत घाईचं घड्याळ सगळ्यांच्या वतीने निर्णय घेतं.

दुरुस्ती

ग ला डीमॅग्नेटायझरमधून काढलं आणि पुन्हा १२० तास चालवलं. फरक तीन मिनिटांवर आला. तेल मात्र जुनंच होतं, त्यामुळे तेही उघडलं गेलंच.

उघडण्याआधी स्प्रिंगचा ताण उतरवणं हा एकमेव नियम असा आहे की जो मोडला तर घड्याळ हातातून जातं. ताण असताना अँकर, म्हणजे दर टिकटिकीला चाक एकेक दात पुढे सोडणारा भाग, काढला तर सगळी चाकं सुसाट सुटतात आणि पिव्हट मोडतात, दात झडतात. ख चालवून संपवता येत नव्हतं, क तर मुळीच नाही. चावी घट्ट धरून क्लिक, म्हणजे स्प्रिंगला उलटं सुटू न देणारी खिटी, किंचित मागे घेत, तळहाताखाली सावकाश सोडत, पुन्हा क्लिक लावत, असं टप्प्याटप्प्याने उतरवलं. अँकर काढण्याआधी चाक बोटाने हलवून अजून जोर शिल्लक नाही ना, हे बघितलं.

क मध्ये सुटा भाग एकही मोडलेला नव्हता. एस्केप व्हीलच्या, म्हणजे अँकर ज्याला अडवतो-सोडतो त्या चाकाच्या, ज्वेलमध्ये (पिव्हट फिरतो त्या खड्याच्या भोकात) तेल वाळून तपकिरी, व्हार्निशसारखं झालं होतं. अँकरच्या पिव्हटनाही तेल घातलेलं होतं, जे मुळात घालायचंच नसतं. ते सांडून अँकरच्या बाजूने पसरलं आणि वाळलं. अशा घड्याळाला आणखी तेल दिलं की काही दिवस चालतं आणि मग आधीपेक्षा घट्ट बसतं. बंद पडलेल्या घड्याळात वरून तेल सोडण्याची सवय ज्याला आहे त्याने टाइम लॉकला हात लावू नये, इतकं हे नुकसान नेहमीचं आहे.

धुलाई घड्याळांच्या नेहमीच्या क्लीनिंग सोल्यूशनमध्ये. पण अँकर आणि बॅलन्स अल्कोहोलमध्ये ठेवायचे नाहीत. अँकरचे खडे आणि बॅलन्सच्या रोलर चकतीवरचा खडा लाखेने बसवलेले असतात आणि अल्कोहोल लाख विरघळवतं. त्यांना पेट्रोलियम बेंझिनने (विषारी बेंझीन नव्हे) धुवायचं, तेही थोडक्यात. पिव्हटची भोकं लाकडी काडीला टोक काढून फिरवत, काडी स्वच्छ निघेपर्यंत साफ करायची. क ला या कामाला एकोणीस काड्या लागल्या.

तेल: एस्केप व्हील आणि बॅलन्सच्या ज्वेलना मोबियस ९०१०, सावकाश फिरणाऱ्या जड चाकांना डी-५, अँकरच्या खड्यांना ९४१५, अँकरचे पिव्हट कोरडे. ज्वेलच्या वाटीत तेल निम्म्यापेक्षा जरा वर, काठाला टेकेल इतकं नाही. वाटी भरली की तेल केशाकर्षणाने प्लेटवर पसरतं आणि पिव्हट कोरडा पडतो.

ख ची स्प्रिंग बाहेर काढल्यावर दुखण्याचं मूळ दिसलं. चांगली स्प्रिंग टेबलावर सोडली की ऐसपैस पसरते. ही ड्रममधल्याच आकारात गोळा होऊन बसली. पोलाद थकलं होतं. रुंदी, जाडी आणि लांबी मोजून त्याच मापाची नवी स्प्रिंग घेतली, जाडीत कसूर न करता. जाड स्प्रिंग घातली की घड्याळ जोमात चालतं, पण दात आणि पिव्हट झिजतात. जोडताना आणखी एक गोष्ट: डायल शून्यावर असतानाही स्प्रिंगमध्ये थोडा ताण राहिला पाहिजे, नाहीतर शेवटी खुंटीला पट्टी ढकलायला जोर उरत नाही. हा सुरुवातीचा ताण प्रत्येक बनावटीत वेगळा असतो, म्हणून तो धडधाकट असलेल्या ग वरून मोजला आणि ख ला तेवढाच दिला. उघडताना ख ला तो कमी दिलेला आढळला होता. आधीच्या कुणाच्या तरी हातून डायल एक दात चुकून बसला होता.

पेटीचं काय

पेटीच्या धातूवर गोल गोल नक्षीचा फिनिश आहे, एकावर एक चढवलेली वर्तुळं, ऊन पडलं की फिरल्यासारखी दिसणारी. काही भागांवर ती फिकी झालेली. तिथे पितळ उजळण्याची पेस्ट लावणं म्हणजे उरलेली नक्षी पुसून टाकणं. पुण्याच्या केळकर संग्रहालयातली जुनी कुलपं ज्यांनी निरखून पाहिली आहेत त्यांना हे सांगायला नको, वापराने आलेली झाक हाच तिथला दागिना आहे. इथेही मऊ ब्रश, डिस्टिल्ड पाण्यात दोन थेंब सौम्य साबण, लगेच कोरड्या सुती कापडाने टिपणं आणि सगळ्यात शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात. काचेजवळ आणि कॅरी बारच्या जागेत मेण नाही.

ग चं घड्याळ बदलून क, ख च्या क्रमांकाशी जुळणारं शोधायचं का, हा प्रश्न आला. उत्तर नाही. त्या न जुळणाऱ्या क्रमांकातच या कुलुपाची खरी हकिगत आहे. घासलेली खुंटी आणि कोरलेल्या खुणाही तशाच ठेवल्या.

कुलूप आता लाकडी स्टँडवर आहे. घरच्या जुन्या तिजोरीच्या दारात ते बसवू नये, हे आग्रहाने सांगायचं आहे. चुकून १६ ऐवजी ११६ तास लागले तर पाच दिवस दार बंद, आणि घड्याळं थांबली तर दार भोकसावं लागेल. बसवायचंच असेल तर स्नबर आणि अडसर यांचा संबंध तोडून.

शेवटच्या चाचणीत तिघंही उभ्या स्थितीत, दोनदा पूर्ण १२० तास चालली. दुसऱ्या फेरीत क दोन मिनिटं मागे, ख चार मिनिटं पुढे, ग एक मिनिट पुढे. कॅरी बार आधी ख ने ढकलला. तिघांचे क्रमांक, तेलाची तारीख आणि या नोंदी एका कागदावर लिहून तो पेटीच्या मागे, स्टँडला चिकटवलेल्या पाकिटात ठेवला आहे. महिन्यातून एकदा तिघांना पूर्ण चावी द्यायची, आणि पाचव्या दिवशी तीनही डायलवर काय आहे ते त्याच कागदावर लिहायचं.